मशीनला जोर लावावा लागतोय? थांबा. लाकूडकामातल्या या चुका टाळा

गच्चीवर मी पहिल्यांदा कटर, म्हणजे हातात धरायची गोल पात्याची विजेची करवत, हातात घेतला तेव्हा समोर सागवानाची फळी होती, नागपूरच्या लकडगंजातल्या आरामशीनवरून चिरून आणलेली. कटर सुरू झाला, आवाजही नेहमीसारखाच, पण फळी कापेचना. भुशाऐवजी धूर निघू लागला, कापाच्या दोन्ही कडा काळ्या पडल्या. सागवान जुनं आहे, कडक असेल, असं वाटून मी आणखी रेटा दिला. शेजारच्या घरी काम करणारे मिस्त्री कठड्याजवळ आले आणि म्हणाले, "भाऊ, कायले एवढा जोर लावता? पातं उलटं हाय ना."

इतकं ओशाळायला झालं की कित्येक महिने मी हे कुणाला सांगितलं नाही. पुढे ओळखी वाढल्या तसं कळलं, की ही चूक अनेकांकडून झालेली असते. जो तो ती लपवतो, म्हणून नवीन माणूस पुन्हा तीच करतो.

धूर, करपल्याचा वास, काळी कड

नाव छापलेली बाजू बाहेर ठेवली की पातं सुलटं बसलं, असं समजून बरेच जण ते लावतात. छपाईवर जाऊ नका. पात्यावर बाण असतो आणि मशीनच्या कव्हरवरही असतो. दोन्हींची दिशा एक हवी. हातात धरायच्या कटरला पुढच्या बाजूचे दात खालून वर येतात, हे लक्षात ठेवलं तरी पुरे.

ड्रिलचंही तेच. स्क्रू काढायला रिव्हर्स केलेली मशीन तशीच राहते, मग भोक पडत नाही, नुसतं लाकूड करपतं. भिंतीला भोकं पाडून झाल्यावर हॅमरचं, म्हणजे ठोके देत भोक पाडायचं, बटण तसंच राहिलं, तर लाकडातलं भोक ओबडधोबड होतं. मशीन जोर मागायला लागली की लाकडाला दोष देण्याआधी हात थांबवायचा आणि प्लगची पिन काढून बघायचं.

कटर आणि जिगसॉ (खालीवर हलणाऱ्या सरळ पात्याची करवत) या दोन्हींचे दात खालून वर कापत येतात, म्हणून वरच्या बाजूचे पापुद्रे उडतात. लॅमिनेट लावलेल्या प्लायची चांगली बाजू खाली ठेवून कापा. टेबलात पातं बसवलेल्या टेबल सॉवर याच्या उलट, चांगली बाजू वर.

दोन सूत कुठे गेले?

प्लायची शीट 2440 बाय 1220 मिलिमीटर. 1220 ला चाराने भागलं, 305 च्या तीन रेघा एकदमच मारल्या आणि कापत सुटलो. पातं दर कापाला साधारण 2 मिलिमीटर लाकूड खातं. तीन कापांत 6 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन सूत गेले, आणि शेवटचा कप्पा चौकटीत हलायला लागला. एक तुकडा कापा, मग पुढची रेघ मारा. पातंही रेघेवर नाही, रेघेच्या बाहेरच्या अंगाला चालवा.

पातं अडकून मशीन मागे उसळते

ही चूक अंगावर येते. दोन स्टुलांवर फळी ठेवून बरोबर मधोमध कापलं, की कापता कापता फळी मध्ये वाकते, काप मिटतो, पातं चिमटीत सापडतं आणि मशीन झटक्यात तुमच्या दिशेने येते. ठेवायचा भाग क्लॅम्पने घट्ट आवळा आणि कापून पडणारा तुकडा मोकळा, स्टुलाच्या बाहेर राहू द्या. मोठी शीट असेल तर जमिनीवर थर्माकोलची जाड शीट पसरून तिच्यावरच कापा. पायाने दाबून धरायची सवय पुष्कळ कारागिरांना आहे. पाहून शिकू नये अशी ती गोष्ट आहे.

वीज गेली तर

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, घरोघरी कूलर चालू असतात, आणि वीज मध्येच जाते. माझी अशीच अर्ध्या कापात गेली. कटरचं लॉक बटण दाबलेलंच होतं. मी तो फळीवर ठेवून पाणी प्यायला खाली गेलो. वीज आली तेव्हा कटर आपोआप सुरू होऊन फळीवरून सरकला आणि स्वतःचीच वायर कापून गच्चीवर पडला. तिथे माझा मुलगा खेळत असता तर, हा विचार आजही मनातून जात नाही. वीज गेली की आधी पिन काढायची, बाकी सगळं नंतर. कटरला लॉक बटण मी आता वापरतच नाही.

उन्हापासून बचाव म्हणून आपण गळ्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळतो, हातात सुती मोजे घालतो. फिरत्या मशीनजवळ दोन्ही नकोत. दुपट्ट्याचं लोंबतं टोक ड्रिलच्या चकमध्ये (बिट धरणाऱ्या तोंडात) गुंडाळायला क्षणही लागत नाही. टोपी घाला, काम सकाळी उरका.

गच्चीपर्यंत ओढलेली बारीक वायर आणि संध्याकाळचं कमी व्होल्टेज, यानेही मोटर रडत चालते आणि तापते. 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, आणि रीळ पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेलीच राहिली तर ती आतल्या आत गरम होते.

जुनं लाकूड

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या चौकटींचं सागवान सुरेख असतं, पण त्यात खिळे मोडून राहिलेले असतात. रंधा मशीन फिरवण्याआधी लोहचुंबक फिरवा. नाहीतर मशीनच्या दोन्ही पात्यांना खाच पडते आणि रंधलेल्या लाकडावर प्रत्येक वेळी एक उंच रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर लगेच नवी पाती आणू नका. पिन काढा, दोनपैकी एक पातं किंचित बाजूला सरकवून पुन्हा आवळा. दोन्ही खाचा एका रेषेत राहिल्या नाहीत की एकाने सोडलेलं दुसरं कापतं.