ऑनलाइन दुकान की सॉफ्टवेअर: पैसा कुठे अडकतो ते आधी पाहा

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना ऑनलाइन दुकान सोपं वाटतं. वेबसाइट तर बनवता येतेच, मग माल आणायचा आणि विकायचा! मी आधी सॉफ्टवेअर विकलं, नंतर दुकान चालवलं. दुकानात वेबसाइट हाच सगळ्यात सोपा भाग असतो. तयार प्लॅटफॉर्मवर ती थोड्या दिवसांत उभी राहते. खरी कसोटी मालाची.

समजण्यापुरता एक हिशोब मांडू. विक्री किंमत 100 धरा. खरेदी 55, जाहिरात 20, पॅकिंग आणि कुरिअर 12, पेमेंट गेटवेचं, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या सेवेचं, कमिशन 3. हातात उरले 10. आता हीच ऑर्डर परत आली तर? माल धडधाकट परत मिळाला तरी जाहिरात, जातानाचं कुरिअर आणि बहुतेकदा कमिशनही बुडतं, वर परतीच्या कुरिअरचे 10 धरा. म्हणजे 45 गेले. एका परतीने साडेचार ऑर्डरींचा नफा खाल्ला. माल फुटलेला आला तर त्याचे 55 वेगळे. म्हणून कपडे किंवा बूट विकणाऱ्याने मापाचा तक्ता आणि फोटो यांवर जीव ओतावा. मापाच्या गोंधळामुळेच तिथे माल जास्त परत येतो.

कुरिअरचा आणखी एक फटका नवख्याच्या लक्षात येत नाही. अनेक कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा 5000ने भागायचं. 40 × 30 × 20चा खोका भरतो 4.8 किलो, आत हलकी उशी असली तरी! काय विकायचं हे ठरवण्याआधी खोका मोजून घ्या.

आणि साठा. विकलेल्या मालातून आलेला पैसा पुढच्या मालात जातो, त्यामुळे विक्री वाढताना खात्यात मात्र खडखडाट असतो. नफ्यात असलेलं दुकानही अशा वेळी बंद पडू शकतं. न खपलेला माल तर जागा अडवतो आणि भाव उतरवायला लावतो.

सॉफ्टवेअरमध्ये हे काहीच नाही. शंभराव्या ग्राहकाला दिलेल्या प्रतीचा खर्च जवळपास शून्य. चूक सापडली तर संध्याकाळी दुरुस्त केली की सगळ्यांपर्यंत पोचते. चुकीच्या रंगाचे पाचशे नग असे दुरुस्त होत नाहीत. पण सॉफ्टवेअरमध्ये पैशाऐवजी वेळ अडकतो. पहिला ग्राहक मिळण्याआधी कित्येक महिने कोड लिहिण्यात जातात, आणि लोकांना ते हवंय की नाही, हे तोवर कळत नाही. दुकानात हे उत्तर लवकर मिळतं, हा त्याचा मोठा गुण.

सॉफ्टवेअर दरमहा वर्गणीवर विकलं, तर या सबस्क्रिप्शनचं उत्पन्न नियमित असतं असं म्हणतात, पण गळतीही नियमित असते. दरमहा 5 टक्के ग्राहक सोडून गेले, तर वर्षाअखेर शंभरातले साधारण 54च उरतात. नवे ग्राहक आणण्याच्या नादात ही गळती दुर्लक्षिली जाते.

दोन्ही धंद्यांचा सांधा पाहायचा तर ऑनलाइन दुकानांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या शॉपिफाय या कंपनीचा इतिहास वाचावा. टोबी ल्युटके आणि त्यांच्या साथीदारांनी 2004 साली कॅनडात स्नोबोर्ड विकणारं ऑनलाइन दुकान काढलं. उपलब्ध साधनं पसंत न पडल्याने ल्युटके यांनी दुकानाचं सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं, आणि 2006मध्ये तेच इतरांसाठी बाजारात आणलं. दुकानदाराला काय नडतं हे त्यांना दुकान चालवून कळलं होतं. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

हाताशी पैसा कमी आणि कौशल्य जास्त असेल, तर सॉफ्टवेअरकडे जा, पण कोड लिहिण्याआधी दहा जणांशी बोला आणि त्यातल्या दोघांकडून आगाऊ पैसे मिळतात का पाहा. दुकानच काढायचं असेल तर एकच वस्तू घ्या, थोडेच नग आणा, महागात पडले तरी चालेल. पहिला लॉट संपून परतीची मुदत उलटेपर्यंत दुसरी ऑर्डर देऊ नका.