पिक्चर बघून आलास ना, मग नीट सांग कसा होता

2015 च्या एप्रिलात मी 'कोर्ट' बघून आलो आणि त्याच रात्री ठाण्याच्या मावशीला फोन करून म्हटलं, "मावशी, खतरनाक पिक्चर आहे, काकांना घेऊन जाच." बस, एवढंच. आता काकांनी काय समजायचं? नाव कोर्ट, भाचा म्हणतो खतरनाक, वर नुकताच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, म्हणजे काळा कोटवाला हीरो टेबलावर मूठ आपटणार आणि शेवटी खरा गुन्हेगार भर कोर्टात रडत कबुली देणार, असं डोक्यात धरून ते गेले. आणि ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये, त्यात कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो, वकील सपाट आवाजात कलमं वाचतात, तारखेवर तारीख पडते, आणि सरकारी वकीलबाई काम संपलं की लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे बंद होतात आणि पडदा काळा. काका उठले, पायाने चाचपत चपला शोधल्या, मावशीची पर्स उचलली, अर्ध्या रांगेचे पाय तुडवत दारापर्यंत पोचले आणि मागे पिक्चर परत सुरू झाला!

मला नंतर जे ऐकावं लागलं ते इथे लिहित नाही.

पण तेव्हापासून मी पिक्चरबद्दल सांगायची एक पद्धत लावून घेतलीये, कारण माझ्या लक्षात आलं की आपण मत देतो तेव्हा समोरचा त्यावर तिकिटाचे, पार्किंगचे आणि पॉपकॉर्नचे पैसे लावणार असतो, शिवाय रविवारची दुपार, आणि तरी आपण आपलं "भारी" नाहीतर "बंडल" म्हणून मोकळे होतो. या दोन शब्दांतून समोरच्याला काहीएक कळत नाही. तर कसं सांगायचं, मला जमतं तसं लिहितोय, बघा पटतंय का.

सगळ्यात आधी म्हणजे, बाहेर आल्या आल्या बोलू नका. पार्किंगमधलं मत वेगळं असतं आणि दुसऱ्या दिवशी दात घासतानाचं वेगळं. पार्किंगमध्ये कानात अजून बॅकग्राउंड म्युझिक घुमत असतं, किंवा गाडी बाहेर काढायला वीस मिनिटं लागतायत म्हणून डोकं फिरलेलं असतं, आणि दोन्हीचा राग-लोभ पिक्चरवर निघतो. मी स्वतः कितीतरी पिक्चरना पार्किंगमध्ये "आयुष्यात असा बघितला नाही" म्हटलंय आणि चार दिवसांनी हीरोचं नावपण आठवेना. उलटं पण होतं, थिएटरमध्ये रटाळ वाटलेला एखादा आठवडाभर डोक्यातून जात नाही. त्यामुळे एक झोप काढा, मग सांगा. अगदीच राहवत नसेल तर तसं स्पष्ट म्हणा की आत्ताच बाहेर पडलोय, अजून डोकं ठिकाणावर नाहीये.

मग पिक्चरच्या आधी स्वतःबद्दल सांगा. कुठे बघितला, कोणाबरोबर, पोट भरलेलं होतं का. हे ऐकायला येडपट वाटेल पण यानेच निम्मं मत ठरतं. 'तुंबाड'चं घ्या, 2018 ला थिएटरात आला तेव्हा फारशी गर्दी नव्हती, मग लोकांनी घरी मोबाईलवर बघितला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये परत थिएटरात लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. पिक्चर तोच, पण सहा इंचाच्या स्क्रीनवर तो पाऊस आणि तो वाडा बघणं आणि अंधारात चारी बाजूंनी तो पाऊस कानात पडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझा एक मित्र आधी म्हणायचा "ठीके, हवा जास्त केलीये", तो थिएटरात बघून आला आणि गप्पच झाला. तर मोबाईलवर, तेही लोकलमध्ये, मध्ये दोन फोन घेऊन बघितला असेल तर तसं सांगा ना, त्यात लाज कसली. दीडच्या स्पीडला पळवला असेल तर तेही. आणि डुलकी लागली असेल तर ते तर आवर्जून सांगायचं, पण कुठल्या भागात लागली तेही सांगायचं, कारण शनिवारी रात्रीच्या शेवटच्या शोला लागलेली डुलकी दिग्दर्शकाच्या खात्यात टाकणं बरोबर नाही.

आता स्टोरी. इथे लोक दोनच प्रकारचे असतात, एक सगळं सांगून मोकळे होणारे आणि दुसरे "मी काही सांगणार नाही, तूच बघ" म्हणून भाव खाणारे. माझा नियम साधा आहे, ट्रेलरमध्ये जेवढं दिसतं तेवढं बिनधास्त सांगायचं, त्यापुढे पहिल्या वीसेक मिनिटांपर्यंत चालेल, त्यापलीकडे तोंड बंद. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, "शेवट काय धक्कादायक आहे रे" हे पण फोडणंच झालं! तुम्ही शेवट सांगितला नाही खरा, पण आता समोरचा तीन तास धक्क्याची वाट बघत बसणार. 'सैराट'च्या वेळी हे जाम झालं. एप्रिल 2016 च्या शेवटाला आला, पहिल्या दोन-तीन दिवसांत जे गेले ते झिंगाट नाचून, शिट्ट्या मारून बसले होते, त्यांना कल्पनाच नव्हती, आणि दुसऱ्या आठवड्यात जे गेले त्यांना कोणीतरी "शेवट बघ, हलशील" सांगूनच पाठवलेलं, ते बिचारे इंटरव्हलपासूनच खुर्चीचा हात घट्ट धरून. मी कसं सांगतो माहितीये? मी म्हणतो, दोन पिक्चर आहेत. इंटरव्हलपर्यंत करमाळ्याकडचं रान, विहीर, ट्रॅक्टर, बुलेट, गाणी, आणि नंतर हैदराबादची वस्ती, तिथला पाण्याचा आणि पैशाचा त्रास, पहिल्या भागाच्या नादात गेलास तर दुसरा जड जाईल. बास. यात काही फोडलं नाही आणि माणूस तयारीने जातो. (इतकी वर्षं झाली तरी मी अजून शेवट सांगत नाहीये बघा, आजही दरवर्षी कोणीतरी बारावी झालेलं पोरगं तो पहिल्यांदा बघत असतं.)

सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे माझ्या मते, एक सीन सांगायचा. अख्खा पिक्चर नाही, एकच सीन, पण तो डोळ्यासमोर उभा राहील असा. "अभिनय छान, कॅमेरावर्क सुंदर, संगीत श्रवणीय" हे पेपरातलं झालं, असं घरी कोण बोलतं? 'फँड्री'बद्दल मी दहा जणांना "सामाजिक विषय आहे, विचार करायला लावतो" असं सांगितलं, दहातला एकही गेला नाही, कोण जाईल, शाळेत निबंध लिहिल्यासारखं वाटतं ते. मग एकदा चहाच्या टपरीवर सहज सांगितलं की त्यात एक सीन आहे, जब्या नावाच्या शाळकरी पोराच्या घरचे शाळेजवळ डुक्कर पकडतायत, जब्याला भीती की वर्गातली पोरं बघतील, डुक्कर अगदी हाताशी आलंय आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जिथल्या तिथे ताठ उभे, आणि डुक्कर समोरून आरामात निघून जातं. टपरीवर दोन मिनिटं कोणी बोललं नाही, हसावं का काय करावं कळेना, आणि त्याच आठवड्यात तिघांनी बघितला. एका सीनमधून कळतं ना पिक्चर कुठल्या जातीचा आहे ते, मस्करी आहे पण घशात अडकणारी. फक्त सीन निवडताना शेवट फोडणारा सोडून निवडायचा.

आता काही शब्द आहेत ते माझ्या घरात मी बंद केलेत. "वन टाइम वॉच", हा पहिला. अहो दुसऱ्यांदा कोण बघतं सगळे पिक्चर? "मस्ट वॉच" दुसरा. आणि "स्लो". स्लो म्हणजे काय ते कोणालाच माहीत नसतं, एकाला गाण्याविना स्लो वाटतो, दुसऱ्याला मारामारी वीस मिनिटं चालली की. त्याऐवजी मोजून सांगा, मी मोबाईल किती वेळा बाहेर काढला ते सांगतो. "इंटरव्हलनंतर तीनदा व्हॉट्सअ‍ॅप बघितलं" यातून समोरच्याला बरोब्बर कळतं. किंवा पॉपकॉर्न, हातातलं पॉपकॉर्न तोंडापर्यंत जायचं राहिलं असा क्षण आला का? आला असेल तर तेच सांगा, स्टार द्यायची गरजच नाही.

गल्ल्याचे आकडे सांगू नका, प्लीज. शंभर कोटी कमावले म्हणजे तुला आवडला का? तुला आवडला ते सांग ना. आणि रिमेक असेल आणि तुम्ही ओरिजनल बघितलेला असेल तर आधी कबूल करा, 'वेड' बघणाऱ्यांत तेलुगू 'मजिली' आधी बघितलेले आणि न बघितलेले यांची भांडणं मी ऐकलीयेत, दोघं दोन वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत होते.

मग येतो खरा प्रश्न, जो लोक शेवटी हळूच विचारतात, "घरच्यांबरोबर बघण्यासारखा आहे ना?" याचं उत्तर "हो रे, काही नाहीये तसं" असं देऊ नका, प्रत्येकाचं "तसं" वेगळं असतं. 2024 पासून यूए सर्टिफिकेटमध्येच 7+, 13+, 16+ असे प्रकार झालेत, ते आधी बघा, आणि मग स्वतः सांगा की काय आहे, रक्त आहे, शिव्या आहेत, का आजीशेजारी बसून घसा खाकरावा लागेल असा सीन आहे. माणूस आजीला कुठे बसवायचं ते ठरवेल.

आणि वाद. समोरच्याला आवडलाय आणि तुम्हाला नाही, किंवा उलट, तेव्हा "प्रत्येकाची आवड" म्हणून विषय गुंडाळू नका, ते म्हणजे सरळ सरळ तुला कळत नाही म्हणण्यासारखंच आहे. विचारा, कुठला सीन आवडला? 2023 ला 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा बायका घोळक्याने नटूनथटून जात होत्या, आमची आई भिशीच्या बायकांबरोबर गेली, नऊवारी घालून. मी घरी बसून शहाणपणा केला की मेलोड्रामा आहे गं, मंगळागौर काय, रडारड काय. आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "त्यातल्या बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत ना, ते आवडलं. मी आणि सांगलीची माई चार वर्षं बोललो नव्हतो, तुला कुठे माहितीये." मला खरंच माहीत नव्हतं. पिक्चरबद्दलचं माझं मत तसंच आहे, अजूनही मला तो जरा जास्तच गोड वाटतो, पण आता मी तो पिक्चर आधी आईला आवडला तसा सांगतो आणि मग माझं मत जोडतो, दोन्ही एकत्र दिलं की ऐकणारा स्वतः ठरवतो आपण आईच्या बाजूचे का याच्या.

एवढं सगळं प्रत्येक वेळी करायचं नाही हो, दोन-तीन ओळी पुरतात. कुठे बघितला, कशाबद्दल, एक सीन, मोबाईल किती वेळा, कोणाला नेऊ नये. हे गाडी सिग्नलला थांबलेली असताना पण सांगून होतं.

ठाण्याचे काका आता कुठलाही पिक्चर बघायच्या आधी मला फोन करतात. स्टोरी विचारत नाहीत, हीरो कोण विचारत नाहीत. एकच विचारतात, "दिवे गेले की संपतो ना रे?"