तानापिहिनिपाजा पडदा, तोही झटपट

मुलांच्या रेनबो थीम वाढदिवसाला क्रेप पेपरच्या पट्ट्या कापता कापता हात दुखून येतात. मी आता घडी उलगडतच नाही!

१. क्रेपची घडी आहे तशीच धरायची आणि कात्रीने दोन-दोन इंचांचे तुकडे पाडायचे, पावाच्या स्लाइससारखे. एक तुकडा झटकला की लांबलचक पट्टी तयार.

२. भिंतीवर दोरी बांधून पट्ट्या तानापिहिनिपाजाच्या क्रमाने लटकवायच्या. पारवा बहुतेक वेळा मिळतच नाही, मग गडद निळा लावायचा, पोरं काही मोजत नाहीत.

फक्त सरबताच्या टेबलापासून लांब लावा, क्रेप ओला झाला की रंग सोडतो आणि तो भिंतीवरून, कपड्यांवरून सहजासहजी निघत नाही.