मदेराला निघालात? या चुका टाळा

पोर्तुगीज बेट म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे गोवा उभा राहतो. अटलांटिक महासागरातलं मदेरा तसं नाही. हा समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर. किनारे बहुतेक गोट्यांचे, कालेता गावच्या किनाऱ्याची पिवळी वाळूसुद्धा बाहेरून आणून टाकलेली. वाळूतच लोळायचं असेल तर शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर नऊ किलोमीटरची पुळण आहे, बोटीने दोन तासांच्या वर.

पण सगळ्यात महागात पडते ती परतीच्या विमानाची चूक. मदेराची राजधानी फुंशाल, तिथल्या विमानतळाची धावपट्टी समुद्राला खेटून, काही भाग तर खांबांवर. डोंगरावरून वारा वेडावाकडा येतो आणि मर्यादेबाहेर गेला की विमानं उतरतच नाहीत. घिरट्या घालून पोर्तो सांतोला किंवा थेट लिस्बनला परत जातात. मावसभावाला मी हे बजावलं होतं. त्याने दुपारचं फुंशाल-लिस्बन आणि त्याच रात्री लिस्बनहून मुंबईकडचं विमान घेतलं, तेही वेगवेगळ्या तिकिटांवर. का, तर थोडे पैसे वाचले! त्यांना न्यायला येणारं विमान उतरलंच नाही. वर लख्ख ऊन, त्यामुळे वहिनीला पटेना की वाऱ्याने विमान अडतं. लिस्बनहून पुढच्या विमानाच्या कंपनीने हात वर केले: तिकीट वेगळं, आमचा संबंध नाही. चौघांची नवी तिकिटं काढावी लागली. व्हिसाचे दिवस संपत आल्याची धाकधूक निराळीच. युरोपच्या नियमाप्रमाणे विमान रद्द झालं की त्या कंपनीने दुसरं विमान, मुक्काम आणि जेवण द्यायचं असतं. ते मागून घ्या. वाऱ्यासाठी वेगळी भरपाई मिळत नाही.

मी लिस्बन कायम शेवटी ठेवतो, दोन रात्री. ‘आधी लिस्बन उरकून टाकू’ म्हणणाऱ्यांशी वाद घालत नाही. एवढंच विचारतो, वारा सुटला तर?

दुसरी खोड एक्सेलमध्ये तासातासाचा बेत आखणाऱ्यांची. मंगळवारी सकाळी पिको दो आरिएरोचं शिखर, दुपारी उत्तरेकडच्या पोर्तो मोनीझचे लाव्हाच्या खडकातले डोह. अहो, फुंशालला ऊन असतं तेव्हा उत्तरेला पाऊस लागलेला असू शकतो, आणि १८१८ मीटरवरचं आरिएरो कधी ढगात तर कधी ढगांच्याही वर. फोनवरचा फुंशालचा हवामान अंदाज शिखरावर कामाचा नाही. सकाळी चहा घेताना तिथला वेबकॅम बघायचा आणि मग गाडी कुठे वळवायची ते ठरवायचं. चार दिवसांत बेट ‘कव्हर’ करणाऱ्यांना हे जमत नाही. ते ढगात सेल्फी काढून येतात.

भाड्याची गाडी ऑटोमॅटिकच घ्या. नकाशा दोन मिनिटं वाचवायला अशा चढाच्या बोळात घालतो की क्लचचा वास येईपर्यंत सुटका नाही. बोगद्यांचा मोठा रस्ता धरा.

लेवादा म्हणजे पाण्याचे पाट, त्यांच्या कडेने चालायच्या वाटा. चपला घालून जाऊ नका. काल्देराँव वेर्दच्या वाटेवर अंधारे बोगदे आहेत, डोक्याला बांधायचा टॉर्च लागतो. मोबाइल हातात धरून, वाकून, ओल्या दगडांवरून चालणारे बघितले की मला घाम फुटतो. पाऊस पडून गेला की दरडींमुळे वाटा बंद होतात, म्हणून आदल्या रात्री सरकारी यादी बघा. ‘बंद’ची पाटी ओलांडून जाणाऱ्यांना मी सल्ले देत नाही.

शाकाहाऱ्यांनी थेपल्यांची पोती नेऊ नयेत. लसूण-लोण्याचा गरम पाव, बोलो दो काकू, आणि तळलेल्या मक्याच्या वड्या, मिल्यो फ्रितो, बहुतेक ठिकाणी मिळतात. लोणचं मात्र न्या.