हॅलोची बॅटल रायफल: तीन अंगावर, चौथी डोक्यात

परवा भाचा सुट्टीला आला होता, त्याला कंट्रोलर दिला आणि पाच मिनिटांत त्याचं सुरू झालं, "मामा ही गन बोगस आहे, गोळ्या लागतच नाहीत." मी मागे बसून बघत होतो. गन बोगस नव्हती, पठ्ठ्या ट्रिगर असा दाबत होता की जणू लिफ्टचं बटण दाबतोय आणि लिफ्ट येतच नाहीये. बॅटल रायफल हातात घेतलेला प्रत्येक नवा माणूस हेच करतो, मीही केलंय, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं.

आधी थोडी ओळख, कारण ज्यांनी फक्त मोबाईलवरचे शूटर खेळलेत त्यांना ही गन विचित्र वाटते. हॅलो ही एक्सबॉक्सवरची सायन्स फिक्शन शूटर सीरिज, पहिला गेम 2001 चा. त्यात दुर्बिणवालं पिस्तूल होतं, तीन हेडशॉटमध्ये माणूस आडवा, आणि लोक त्यालाच चिकटून बसायचे. 2004 ला हॅलो 2 आला तेव्हा पिस्तुलाची ती जागा बॅटल रायफलने घेतली, गेममधलं नाव बीआर 55, सगळे नुसतं बीआर म्हणतात. 2007 च्या हॅलो 3 मध्ये तिचं थोडं बदललेलं मॉडेल आलं, 2010 च्या हॅलो रीचमध्ये ती गायबच झाली आणि तिच्या जागी एकेक गोळी मारणारी डीएमआर दिली (यावरून लोक अजून भांडतात, मी बीआरवाला आहे, सांगून टाकतो), मग हॅलो 4 मध्ये परत आली आणि 2021 च्या इन्फिनिटमध्ये बीआर 75 म्हणून आहे. जुने गेम खेळायचे तर मास्टर चीफ कलेक्शन घ्या, पीसीवरही चालतं, हॅलो 2 आणि 3 दोन्ही त्यात आहेत.

आता मुद्दा. बीआर एका ट्रिगरला तीन गोळ्या मारते, फट-फट-फट, त्याला बर्स्ट म्हणतात. मॅगझिनमध्ये 36 गोळ्या, म्हणजे 12 बर्स्ट. समोरच्याची शील्ड (अंगाभोवतीचं ऊर्जेचं कवच, आधी ते फोडावं लागतं) पूर्ण भरलेली असेल तर नीट मारलेल्या चार बर्स्टमध्ये तो मेला पाहिजे, म्हणजे एका मॅगझिनमध्ये हिशेबाने तीन माणसं. आणि इथेच सगळ्यात मोठी गंमत आहे जी मला कळायला कित्येक महिने गेले: जोपर्यंत शील्ड आहे तोपर्यंत डोक्याला मारलं काय आणि छातीला मारलं काय, डॅमेज सारखंच. हेडशॉटचा फायदा शील्ड फुटल्यावरच मिळतो. मग नवा माणूस काय करतो, तर पहिल्या बर्स्टपासून डोकं शोधत बसतो, डोकं लहान, समोरचा उड्या मारतोय, दोन गोळ्या कानाजवळून जातात आणि एक लागते. अरे बाबा छाती एवढी मोठी आहे ना समोर.

म्हणून नियम एकच, पहिल्या तीन बर्स्ट छातीच्या वरच्या भागावर, गळ्याच्या जरा खाली, चौथी डोक्यात. मी भाच्याला मोठ्याने मोजायला लावलं, "एक, दोन, तीन, डोकं." गळ्याच्या खालीच का, तर तिथून डोक्यापर्यंत जायला अंगठा अगदी किंचित हलवावा लागतो, पोटावर नेम ठेवलात तर चौथ्या वेळी लांबचा प्रवास करावा लागतो आणि तेवढ्यात समोरचा तुम्हाला मारून मोकळा. आणि चौथ्या बर्स्टमधल्या तीनपैकी एक गोळी डोक्याला लागली तरी काम झालं, म्हणजे तीन चान्स आहेत, घाबरून थरथरायची गरज नाही. अचूक चारमध्ये मारलं की इन्फिनिटमध्ये परफेक्ट नावाचं मेडल मिळतं, पहिल्यांदा मिळालं तेव्हा मी रात्री दीड वाजता ओरडलो होतो आणि आईने येऊन लाईट लावली होती.

दुसरी गोष्ट, तीन गोळ्या एकदम सुटत नाहीत, एकामागून एक सुटतात. फरक अगदी बारीक आहे पण समोरचा डावीकडे पळत असेल आणि तुम्ही नेम एका जागी रोवून ट्रिगर दाबला तर पहिली लागते, दुसरी खांद्याला घासून जाते, तिसरी भिंतीत. मग तीन बर्स्टमध्ये नऊ गोळ्या लागायच्या त्या सहाच लागल्या, शील्ड फुटलीच नाही, तुम्ही चौथी डोक्यात मारली आणि तो तसाच उभा, आणि मग आपण म्हणतो सर्व्हर खराब आहे. सर्व्हर खराब नाही, नेम थांबला. ट्रिगर दाबल्यावरही अंगठा चालू ठेवायचा, पतंगाला ढील देताना मांजा कसा हातातून सरकत राहतो तसं, तो ज्या दिशेने जातोय त्या दिशेने ओढत राहायचं. माझ्या मते हॅलोमध्ये कोण नवा आणि कोण जुना हे फक्त एवढ्यावरून कळतं.

कंट्रोलरवर खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं, नेम डाव्या स्टिकनेही लागतो. म्हणजे उजव्या अंगठ्याने माणूस शोधत बसण्यापेक्षा नेम साधारण त्याच्या उंचीवर ठेवून स्वतःच डावीउजवीकडे सरकायचं, समोरचा नेमात येतो. याने दुहेरी फायदा, तुम्हीही हलता राहता. जागेवर उभं राहून बीआर मारणारा म्हणजे गणपतीच्या मंडपातला डेकोरेशनचा पुतळा, सगळे बघून जातात. पण एकाच तालात डावीकडे-उजवीकडे-डावीकडे केलं तर समोरचा दोन सेकंदात ओळखतो, कधी लांब सरका, कधी अर्ध्यातून वळा, मध्येच एकदा वाका. सतत उड्या मारू नका, हवेत गेलेला माणूस कुठे पडणार हे शाळकरी पोरालाही कळतं.

बटणांचं म्हणाल तर बंपर जंपर नावाचं सेटिंग करून बघा, त्यात उडी डाव्या बंपरवर, म्हणजे कंट्रोलरच्या वरच्या कडेच्या बटणावर येते, म्हणजे उडी मारायला उजवा अंगठा स्टिकवरून उचलावा लागत नाही आणि हवेत असतानाही नेम चालू राहतो. पहिले दोन दिवस शिव्या द्याल, तिसऱ्या दिवशी जुनं सेटिंग विसराल. सेन्सिटिव्हिटी मात्र यूट्यूबवरच्या कुणाची तरी बघून कॉपी करू नका, त्याचा अंगठा वेगळा, तुमचा वेगळा.

स्कोप. बीआरला दुप्पट झूमचा स्कोप आहे आणि लोकांना वाटतं दिलाय तर वापरलाच पाहिजे. हॅलो 2, 3 आणि इन्फिनिटमध्ये झूम केलेलं असताना गोळी लागली की स्कोप आपोआप निघतो, म्हणजे तुम्ही निवांत डोळा लावून बसलाय, समोरच्याने एक बर्स्ट मारली, तुम्ही बाहेर, परत झूम, परत बाहेर, यात निम्मी शील्ड गेली. त्यामुळे माझा साधा हिशेब, त्याने मला अजून पाहिलं नाही तर झूम, समोरासमोर गोळीबार सुरू झाला तर बिनझूम. आणि याच्या उलटं पण खरं आहे, समोरचा स्नायपर घेऊन लांब बसलाय ना, त्याला एक बर्स्ट नुसती चाटून गेली तरी त्याचा स्कोप निघतो, मारायचं नसलं तरी त्याला त्रास देत राहा, तेवढ्यात तुमचा टीममेट रस्ता ओलांडतो.

आता अंतर. बीआर मधल्या अंतराची गन आहे. समोरचा दोन हातांवर आला तर बीआरचा हट्ट सोडा, असॉल्ट रायफल काढा नाहीतर मागे सरकत अंतर वाढवा. पण एक मधली खेळी आहे: शील्ड फुटली आणि तो अंगावर धावून आला तर चौथी बर्स्ट शोधत बसू नका, बंदुकीचा दस्ता घाला तोंडावर, शील्ड नसलेल्याला एक फटका बास. ग्रेनेडचंही असंच. कोपऱ्यामागे कुणी लपलाय माहिती आहे, आधी ग्रेनेड टाका, तो फुटल्याबरोबर बाहेर या, शील्ड गेलेली असेल किंवा जायला आलेली असेल, मग एकदोन बर्स्टचंच काम. लोक उलटं करतात, तीन बर्स्ट मारतात, तो लपतो, मग ग्रेनेड टाकतात, तोवर तो दुसऱ्या दाराने गेलेला असतो.

जुन्या गेममधला सगळ्यात बदनाम प्रकार म्हणजे प्लाझ्मा पिस्तूल आणि बीआरची जोडी, याला नूब कॉम्बो म्हणतात, नूब म्हणजे नवशिका. पिस्तुलाचा ट्रिगर धरून ठेवायचा, हिरवा गोळा तयार होतो, तो समोरच्याच्या मागे मागे वळत जातो, लागला की सगळी शील्ड एका फटक्यात साफ, लगेच वाय म्हणजे गन बदलायचं बटण दाबून बीआर काढायची आणि एक बर्स्ट डोक्यात. नाव नूब असलं तरी कॅम्पेनमध्ये, म्हणजे गोष्टीच्या भागात, लीजंडरी या सगळ्यात अवघड पातळीवर एलिट लोकांना, म्हणजे शील्डवाल्या परग्रही सैनिकांना मारायला यापेक्षा चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही, तिथे कुणी नाव ठेवायला येत नाही, बिनधास्त वापरा.

कॅम्पेनचा विषय निघालाच आहे तर, ग्रंट म्हणजे ते बुटके, त्यांना डोक्यात एक बर्स्ट बस, तीन गोळ्या वाया घालवल्यासारखंच वाटतं. जॅकल गोल ढाल घेऊन उभे असतात, ढालीवर मारत बसू नका, ढालीच्या कडेला एक खाच असते तिथून हात दिसतो, हातावर मारा, तो कळवळून उघडा पडतो, मग डोकं. हॅलो 3 चे ब्रूट, म्हणजे ते धिप्पाड शत्रू, असतील तर आधी हेल्मेट उडतं, मग डोकं उघडं. फ्लडवर, म्हणजे झोंबीसारख्या परजीवी शत्रूंवर, मात्र बीआर नेऊ नका, त्यांना डोक्यात मारून काही विशेष होत नाही, शॉटगन घ्या. हॅलो 2 च्या आउटस्कर्ट्स लेव्हलमधले स्नायपर जॅकल लीजंडरीवर एका गोळीत मारतात, तिथे कुठला कुठे उभा असतो हे मरून मरूनच पाठ होतं, दुसरा मार्ग नाही.

हॅलो 2 आणि 3 मधला फरक पण सांगतो कारण कलेक्शनमध्ये लोक एकातून दुसऱ्यात उडी मारतात आणि गोंधळतात. हॅलो 2 मध्ये ट्रिगर दाबला की गोळी लागली, वेळच नाही. हॅलो 3 मध्ये गोळीला प्रवास करावा लागतो आणि तीन गोळ्या थोड्या पसरतातही, त्यामुळे लांबचा माणूस आडवा पळत असेल तर त्याच्या जरा पुढे मारायचं, किती पुढे ते हाताला कळेपर्यंत आठवडा जातो. त्यात आपल्याकडून खेळताना मला बऱ्याचदा 100 च्या वर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) मिळतो, मग अजून थोडं पुढे. हॅलो 2 मध्ये अजून एक जुनी भानगड म्हणजे बटणांचे कॉम्बो, बीएक्सआर: बी दाबून फटका, लगेच एक्स म्हणजे रीलोड, लगेच उजवा ट्रिगर. रीलोडने फटक्याची ॲनिमेशन अर्ध्यात तुटते आणि गोळीने रीलोडची, त्यामुळे फटका आणि हेडशॉट जवळजवळ एकत्र बसतात आणि समोरच्याला कळतही नाही काय झालं. बोटं जमायला वेळ लागतो. काही लोक याला चीटिंग म्हणतात, मला विचाराल तर शिकून घ्या, कारण समोरच्याला येत असतं.

याच गेममधला लॉकआउट हा नकाशा बीआर शिकायला मला सगळ्यात आवडतो, तिथल्या एका टॉवरचं नावच बीआर टॉवर पडलंय कारण गन तिथे मिळायची. समोर स्नायपर टॉवर. मी एकदा बीआर टॉवरच्या वर होतो, खाली मधल्या चौकात एक जण, त्याने मला पाहिलं नव्हतं. झूम, एक. तो दचकून उजवीकडे, मी ओढत नेलं, दोन. आता त्याने वर बघितलं, त्याची बर्स्ट लागली, माझा स्कोप निघाला, मी खांबाच्या अर्ध्या आड सरकलो, तीन, त्याच्या अंगावरची शील्ड चमकून फुटली. आणि मी घाईत चौथी मारली ती त्याच्या हेल्मेटच्या वरून गेली, कारण तो नेमका वाकला. पाचवी लागली, पण माझीही शील्ड संपलेली होती. सांगायचं कारण, तिसरी बर्स्ट झाली की समोरचा शंभर टक्के काहीतरी वेगळं करतो, वाकतो, उडतो, पळतो, तेव्हा चौथी मारायच्या आधी पापणी लवेल एवढं थांबा, बघा डोकं कुठे आहे, मग मारा.

टीममध्ये खेळत असाल तर बोला. शील्ड फुटली आणि तो पळाला तर "वन शॉट, डावीकडचा जिना" (म्हणजे आता एकाच फटक्याचं काम) एवढं ओरडलं की दुसरा संपवतो. "अरे तो, तो, तिकडे, मार ना" याने काही होत नाही, आमच्या ग्रुपमध्ये एक जण अजून असंच ओरडतो. दोघांनी एकाच माणसावर मारलं तर प्रत्येकाला दोनदोनच बर्स्ट पुरतात, म्हणून जो आधीच भांडणात आहे त्याच्या माणसावर मारा, नवीन माणूस शोधू नका, किल कुणाच्या नावावर लागला हे नंतर बघू.

रीलोडची सवय पण तोडा. एक माणूस मारला की लगेच रीलोड, हे सगळे करतात, मॅगझिनमध्ये अजून आठ बर्स्ट शिल्लक असतात, म्हणजे दोन माणसं, आणि नेमका रीलोड चालू असताना दुसरा कोपऱ्यातून येतो. चारच्या खाली आल्या तर आड जाऊन भरा.

सरावाला इन्फिनिटमध्ये अकॅडमी आहे, त्यात वेपन ड्रिल आणि बॉट (कॉम्प्युटर चालवतो ते खेळाडू) दोन्ही मिळतात, मल्टिप्लेअर फुकट आहे. रोज ड्रिल दहा मिनिटं, मग एकच बॉट घेऊन वीस मिनिटं, आणि फक्त बीआर. पहिले दोन दिवस किल बघू नका, किती वेळा पाचवी बर्स्ट मारावी लागली ते मोजा. भाचा जायच्या आदल्या दिवशी दहापैकी चार वेळा चौथीवर आला होता, आणि बाकी सहा वेळा त्याने सर्व्हरला शिव्या दिल्या.