साकुरान आधी वाचा, मग पिक्चर लावा

जळगाव-भुसावळकडची मांगा म्हणजे जपानी कॉमिक वाचणारी पोरं विचारतात म्हणून सांगतो, साकुरान घेताय तर आधी कॉमिक आणि मग पिक्चर, उलटं नका करू भो. पिक्चरची दिग्दर्शक मिका निनागावा मूळची फोटोग्राफर, त्यामुळे लाल रंग, फुलं, गोल्डफिश यांचा असा मारा आहे की डोळे तिथेच अडकतात आणि खरी गोष्ट हातातून निसटते.

खरी गोष्ट कर्जाची आहे. एडो म्हणजे आजच्या टोकियोत योशिवारा नावाची सरकारमान्य वेश्यावस्ती होती, साकुरानची नायिका कियोहा तिथलीच, 1617 ला परवानगी मिळाली, 1657 च्या मोठ्या आगीनंतर ती आसाकुसाजवळ हलवली, भोवती खंदक आणि जायला-यायला एकच मोठा दरवाजा, बायकांना बाहेर पडायची मुभाच नाही. गरीब घरातल्या मुली लहानपणीच विकल्या जायच्या आणि आईबापाला दिलेली रक्कम मुलीच्याच नावावर कर्ज म्हणून चढायची, वर कपडे, अंथरूण-पांघरूण सगळ्याचा खर्च त्यातच. चाळीसगाव-नंदुरबारकडून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावरची मुकादमाची उचल ज्यांनी जवळून बघितलीय त्यांना हा हिशोब लगेच कळेल, वर्षभर राबायचं तरी ती फिटत नाही. म्हणून वाचताना प्रत्येक सीनला एकच बघायचं, इथे पैसे कोण देतंय आणि ते कोणाच्या खात्यावर चढतायत. पैसेवाला गिऱ्हाईक कर्ज फेडून बाईला सोडवू शकायचा, पण म्हणजे ती मोकळी झाली का, हा प्रश्न डोक्यात ठेवूनच पुढे जा.

आता वाचायचं कसं. मोयोको आन्नोची ही मांगा कोदान्शा या जपानी प्रकाशनाच्या ईव्हनिंग नियतकालिकात यायची, एकच खंड आहे, इंग्रजीत वर्टिकल प्रकाशनाने 2012 मध्ये काढली, आपल्याकडच्या दुकानांच्या भरवशावर राहू नका, ऑनलाईनच शोधा. पानं उजवीकडून डावीकडे. गोष्ट सरळ चालत नाही, कियोहा आधी मोठी दिसते मग लहानपणात जाते, आणि वय वाढेल तशी नावं बदलतात, तोमेकी, ओ-रिन, मग कियोहा, तर एका कागदावर लिहून ठेवा नाहीतर मध्येच गोंधळ उडेल. आणि हो, या बायका गेशा म्हणजे नाचगाण्याने करमणूक करणाऱ्या नाहीत, ओइरान म्हणजे वरच्या दर्जाची वेश्या, तिचा ओबी म्हणजे कमरेचा रुंद पट्टा पुढे बांधलेला असतो, त्यावरून ओळखायचं, आणि हाताखाली कामाला ज्या बारक्या पोरी असतात त्या कामुरो. कियोहा भांडखोर आहे, पळून जायला बघते, मार खाते, तरी वाकत नाही, मला ती याचसाठी आवडते. आन्नो तिला बिचारी करत नाही.

पिक्चर 2007 मध्ये जपानला थिएटरात लागला, कियोहा झालीय आन्ना त्सुचिया, तिचा घोगरा आवाज आणि ती नजर एकदम फिट्ट बसते. म्युझिक शिना रिंगोचं, जॅझ आणि रॉक, जुन्या काळाच्या गोष्टीला असलं म्युझिक कसं काय असं पहिल्यांदा वाटेल, पण हेडफोन लावून ऐका, पोरीचा सगळा राग त्यात उतरलाय. घरच्यांसोबत टीव्हीवर लावायचा नाही, मोठ्यांसाठीच आहे. शेवट कॉमिकपेक्षा वेगळा आहे, तो मी सांगणार नाही, पण मला कॉमिकचा जास्त खरा वाटतो. पिक्चर बघून झाला की कॉमिकची शेवटची काही पानं परत काढून वाचा आणि दोन्हीतली कियोहा शेजारी ठेवून बघा, मग तुम्हाला कुठली पटते ते सांगा.