शाळा सुटली, दहावी राहिली: १७ नंबर की एनआयओएस?

आधी पुढे काय करायचं ते ठरवा, मग फॉर्म भरा. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज, भरला की परीक्षा शाळेतल्या मुलांचीच द्यायची, तीही फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळे विषय एकदम. ज्याची शाळा एक-दोन वर्षांपूर्वीच सुटलीय आणि अभ्यासाची सवय मोडलेली नाही, त्याने हाच रस्ता धरावा.

पण दिवसभर दुकानात उभं राहणाऱ्याला किंवा लहान मूल कडेवर असलेल्या बाईला मी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळाच सुचवेन. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाच विषय पुरतात, आणि ते पाच वर्षांत, नऊ संधींमध्ये, एकेक करून सोडवता येतात. गणिताची धास्ती असेल तर ते शेवटी ठेवा. दहावीला मराठी माध्यमही मिळतं. आधी मंडळाच्या परीक्षेत नापास झाला असाल तर पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे वळवता येतात. जुनं गुणपत्रक रद्दीत घालू नका.

‘मुक्त शाळेचं सर्टिफिकेट चालत नाही’ असं कोणी ठामपणे सांगेल. एनआयओएस केंद्र सरकारची संस्था आहे, चालतं. चालत नाहीत ती ‘महिन्यात दहावी पास’वाली बोगस मंडळं.

१७ नंबरला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो ट्रंकेच्या तळाशी, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडतो. फॉर्म बहुधा पावसाळ्यात निघतात, तेव्हा शोधाशोध आत्ताच करा.